कुडू, गेम्सबॉक आणि एक .३०-०६ : गोळी कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचा लालबागचा एक मुलगा तीन वर्षं नामिबियात, विंडहूकला नोकरी करतोय. सध्या सुट्टीवर मुंबईत आलाय. जूनमध्ये ओळखीच्या एका शेतमालकाने त्याला कुडू आणि गेम्सबॉक या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या शिकारीला बोलावलंय, जमलंच तर त्यांच्याहून थोराड एलंडही. रायफल शेतमालकाची, .३०-०६ (म्हणजे .३०८ इंच जाडीची गोळी झाडणारी). गोळ्या मात्र याने आणायच्या आहेत. तिथल्या दुकानात त्याला १५०, १६५ आणि १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सात-आठ पेट्या दिसल्या. एक पेटी दुसरीच्या तिप्पट किमतीची. तो विचारतो, "काका, मोठ्या जनावराला नेमकी कोणती गोळी लागते? आणि .३०-०६ पुरेल का, की .३७५ची जड रायफल मागून घेऊ?"

बाळा, आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. १८० ग्रेनची बाँडेड किंवा पार्टिशन बनावटीची गोळी घे (या बनावटी काय ते पुढे येतं). अख्ख्या तांब्याची घेणार असशील तर १६५ किंवा १६८ ग्रेन चालेल. एकाच जातीच्या तीन पेट्या घे. .३०-०६ तुझ्या तिन्ही जनावरांना पुरते. .३७५ मागू नकोस.

मी फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात बावीस वर्षं रायफली दुरुस्त केल्या. त्यानंतर नऊ हंगाम नामिबियातल्या एका शेतावर होतो. येणाऱ्या पाहुण्यांच्या रायफली तपासायच्या, नेम लावून द्यायचा, गोळ्या निवडून द्यायच्या आणि संध्याकाळी जनावर सोलताना गोळी कुठून शिरली, कुठे थांबली ते बघायचं, हे माझं काम. जाताना झवेरी बाजारातून सोनाराचा एक छोटा काटा नेला होता. जनावरात सापडलेली प्रत्येक गोळी धुऊन त्यावर तोलायची आणि वहीत लिहायची: जनावर, अंतर, कोन, किती पळालं, गोळीचं वजन किती उरलं. काटा तिथेच दिला, वह्या मात्र गिरगावात माझ्या कपाटात आहेत. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या वह्यांतलं आहे.

इथे बसून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. हे उत्तर नामिबियासारख्या, जिथे परवान्याने आणि ठरलेल्या संख्येतच शिकार होते अशा ठिकाणासाठी आहे. तुझा परवाना आणि सोबतचा मार्गदर्शक शेतमालक बघतोय असं तू लिहिलंस. तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घे.

आता गोळीकडे येऊ. दुकानात लोक पहिल्यांदा ताकद विचारतात. पण जनावर धक्क्याने पडत नाही. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून किंवा हृदयातून आरपार वाट काढते, रक्त जातं, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि जनावर पन्नास-शंभर मीटर पळून कोसळतं. म्हणजे गोळीची कामं दोनच: तिथपर्यंत पोचायचं, आणि पोचताना फुलायचं, म्हणजे टोक पसरून रुंद व्हायचं. या दोन्हींत भांडण आहे. गोळी जितकी लवकर आणि जितकी रुंद फुलेल तितकी ती लवकर थांबते. अजिबात फुलली नाही तर पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे निघून जाते, आणि जनावर तासन् तास चालत राहतं. चांगली गोळी म्हणजे या दोन्हींचा मेळ. तो मेळ कुठे बसतो हे जनावराच्या आकाराबरोबरच गोळी अंगावर आदळते तेव्हाच्या वेगावरही ठरतं, आणि नेमकं हेच पेटीवर लिहिलेलं नसतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तिथूनच मी वही लिहायला लागलो. पहिल्याच हंगामात एक पाहुणा .३०० मॅग्नम ही जास्त वेगाची रायफल घेऊन आला होता. त्याच्या गोळ्या विमानतळावर अडकल्या, म्हणून शेतावरच्या कपाटातली १५० ग्रेनची पेटी मी त्याला काढून दिली. पातळ जॅकेटची, म्हणजे शिशावरच्या पातळ धातूच्या आवरणाची, साधी सॉफ्ट नोज. रेंजवर तिचे तीन छेद एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात होते आणि मी तेवढ्यावर खूश झालो. दुसऱ्या दिवशी झुडपातून गेम्सबॉक अवघ्या चाळीस मीटरवर निघाला. याने खांद्यावर बार काढला. गोळी बरोबर खांद्याच्या सांध्यावर लागली, जनावर तोंडावर पडलं, उठलं आणि निघालं. माग काढणारा तिथल्या ओवाम्बो समाजातला गडी अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांवरून चालत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडलं, तीन पायांवर उभं, जिवंत. दुसऱ्या गोळीने ते संपवलं.

सोलताना मी खाली बसून ती जखम उघडली. चामड्याखाली वाटीएवढा खड्डा, त्यात हाडाचा चुरा आणि जॅकेटचे कांद्याच्या सालीसारखे सुटलेले पापुद्रे. त्याखालच्या बरगड्या शाबूत. फुफ्फुसाला ओरखडासुद्धा नव्हता. सगळ्यात मोठा तुकडा काट्यावर ठेवला, तो दोन ग्रॅमच्या जरा वर भरला. १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅम. चार-पाचशे मीटरवरच्या छोट्या हरणासाठी, वेग उतरल्यावर फुलायला बनवलेली गोळी मी चाळीस मीटरवर, पूर्ण वेगात, दोनशे किलोच्या जनावराच्या हाडावर मारायला दिली होती. नेमबाजाचा नेम बरोबर होता. गोळी मी चुकीची दिली. त्या जनावराने एक रात्र आणि अर्धा दिवस जे भोगलं ते माझ्या निवडीमुळे, आणि म्हणूनच या विषयावर कोणी विचारलं की मी दोन ओळींत उत्तर देऊ शकत नाही.

तू दुकानात पाहिलेल्या पेट्यांमध्ये ढोबळ मानाने चार प्रकारची बनावट असणार. सगळ्यात स्वस्त ती साधी सॉफ्ट नोज: तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट, आत शिसं, टोकाला शिसं उघडं. ही वाईट गोळी नाही. कित्येक पिढ्यांनी तिच्यावर शिकार केली. .३०-०६च्या मध्यम वेगात, १८० ग्रेनमध्ये, बाजूने उभ्या असलेल्या कुडूच्या बरगड्यांत ती उत्तम काम करते. माझ्या वहीत तिचं उरलेलं वजन बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास आहे. अडचण येते ती जाड हाड मध्ये आल्यावर. मग शिसं एकीकडे आणि जॅकेट दुसरीकडे जातं.

त्यावरचा उपाय म्हणजे बाँडेड. यात शिसं जॅकेटला आतून जोडलेलं असतं, सोनार डाग देऊन दोन तुकडे एकजीव करतो तसं. फुलली तरी सुटत नाही. माझ्याकडे या जातीच्या गोळ्यांचं वजन ऐंशी-नव्वद टक्के उरलेलं आहे. स्विफ्ट ए-फ्रेम, नॉर्मा ओरिक्स, ऑस्ट्रेलियाची वुडले ही त्यातली नावं.

पार्टिशनची गोष्ट मला फार आवडते, कारण तीही एका फसलेल्या गोळीतून सुरू झाली. जॉन नोस्लर नावाचा अमेरिकन १९४६ साली कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेला होता. चिखलाने माखलेल्या त्या अजस्र जनावरावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. घरी येऊन त्याने अशी गोळी बनवली जिच्या पोटात जॅकेटचीच एक आडवी भिंत आहे. भिंतीपुढचं शिसं लगेच फुलतं, मागचं भिंतीआड शाबूत राहून गोळीला पुढे ढकलत नेतं. १९४८मध्ये त्याने त्यावर कंपनी उभी केली आणि ती गोळी आजही विकली जाते. काट्यावर ती साधारण पासष्ट-सत्तर टक्के भरते. आकडा बघून कमी वाटेल, पण पुढचा भाग झडणं हे तिच्या रचनेतच आहे आणि मागचा अर्धा भाग आपलं काम करून जातो. टक्क्यांच्या मागे आंधळेपणाने लागू नये ते यासाठी.

चौथी, अख्ख्या तांब्याची. १९८९च्या सुमारास बार्न्स कंपनीची एक्स गोळी आली तेव्हापासून ही जात रुळली. शिसं नाहीच. टोकाला पोकळी, आदळली की चार पाकळ्या उलटतात. जवळजवळ सगळं वजन उरतं आणि ती खोल जाते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाला गोळी लांब होते. त्यामुळेच तांब्यात मी १८०चा आग्रह धरत नाही. एक मर्यादा लक्षात ठेव: हिला फुलायला वेग लागतो. सेकंदाला २००० फुटांच्या खाली गेली की मला तिचा भरवसा वाटत नाही. साधी सॉफ्ट नोज १८००पर्यंत फुलते. तुझी १८० ग्रेनची गोळी नळीतून साधारण २७०० फुटांनी निघेल आणि दोनशे मीटरवर २३००च्या आसपास असेल. दोनशेच्या पुढे बार काढायचाच नाही हे तू आजच ठरवून टाक, म्हणजे ही चिंता उरत नाही.

वजनाबद्दल. जाडी तीच असताना गोळी जड म्हणजे लांब, आणि तेवढीच ती आत शिरत राहते. याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .३०८ इंच जाडीच्या १५० ग्रेन गोळीचा हा आकडा .२२६ येतो, १८०चा .२७१, २२०चा .३३१. एकाच बनावटीच्या दोन गोळ्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, वेगवेगळ्या बनावटींची करायला निरुपयोगी, कारण गोळी फुलली की तिची जाडीच बदलते. २२० ग्रेनची गोळी खोल जाईल, पण हळू निघते आणि दीडशे-दोनशे मीटरवर बरीच खाली येते. १८० हा शंभर वर्षं टिकलेला मध्यम मार्ग आहे.

.३७५ का नको, तर ती तुझ्या खांद्याला नवी आहे. हॉलंड अँड हॉलंडचं हे काडतूस १९१२ सालचं, ३०० ग्रेनची गोळी, आणि आफ्रिकेच्या गवताळ रानातल्या रानटी म्हशीसमोर तिच्याइतकं भरवशाचं थोडंच काही आहे. नामिबियाच्या नियमांत कुडू, गेम्सबॉक आणि एलंडसाठी नळीच्या तोंडाशी किमान २७०० ज्यूल ऊर्जा लागते, म्हैस आणि हत्तीसाठी ५४००. .३०-०६ची १८० ग्रेन गोळी ३९००च्या आसपास देते. म्हणजे कायद्याच्या बाजूनेही तू निवांत आहेस. जड रायफलचा धक्का माहीत असला की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आकसतो. अशा पाहुण्यांचे नेम मी पाहिलेत. पोटात लागलेली .३७५ ही फुफ्फुसात लागलेल्या .३०-०६पेक्षा कितीतरी वाईट.

आता कोन. आपल्या ओळखीच्या जनावरांत सांगायचं तर कुडूचा नर नीलगायीच्या नराएवढा, सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलो. गेम्सबॉक त्याहून थोडा कमी, पण खांद्यावर कातडं जाड आणि जीव चिवट. एलंडचा नर मात्र सातशे किलोंच्या पुढे जातो, गव्याच्या वर्गातला. तो बाजूने उभा असेल तर तुझी गोळी पुरेल. तिरका, मागून पुढे असा उभा असेल तर गोळीला आधी चाऱ्याने भरलेल्या कोठ्यातून जावं लागतं, आणि ओला चारा गोळीला हाडासारखाच थांबवतो. एलंडवर तिरका बार काढू नकोस. थांब. वळू दे.

हृदय कुठे असतं हे चित्रात बघून कळत नाही. तू सुट्टीवर आहेसच तर दोन गोष्टी कर. सकाळी लवकर ओळखीच्या मटणवाल्याकडे जा आणि अख्खा टांगलेला बोकड फरा काढण्याआधी बाजूने दाखवायला सांग. फऱ्याचं चपटं हाड कुठे संपतं, त्याच्या किती खाली आणि पुढे हृदय आहे, फुफ्फुस किती मागपर्यंत येतं, हात लावून बघ. हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. मग एखाद्या दुपारी राणीच्या बागेत चितळांसमोर अर्धा तास उभा राहा. प्रत्येक जनावर वळलं की मनात विचार कर, गोळी आत्ता कुठून शिरली तर पलीकडच्या पुढच्या पायाशी निघेल? पलीकडचा पाय हे खरं लक्ष्य. अलीकडच्या कातडीवरचा ठिपका नुसता दरवाजा आहे. बाजूने उभ्या जनावरावर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. मी स्वतः पहिल्यांदा निघण्याआधी हे केलं होतं.

दुकानदाराने फुल मेटल जॅकेटची, म्हणजे टोकापर्यंत आवरण असलेली आणि न फुलणारी, स्वस्त गोळी दाखवली तर हात लावू नकोस. ती रेंजसाठी. यामागे इतिहासही आहे. टोक उघडं ठेवून फुलणारी गोळी १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात बनली, म्हणून जगभर तिला डमडम म्हणतात. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी आली. शिकारीत नेमकं उलट आहे. जनावर लवकर मरावं म्हणून फुलणारी गोळीच हवी, आणि कित्येक ठिकाणी न फुलणाऱ्या गोळीने शिकार करायलाच मनाई आहे. भरीव सॉलिड गोळी हत्तीच्या कवटीसाठी किंवा जखमी म्हशीवरच्या पुढच्या बारासाठी असते. तुझ्या कळपात ती एकातून निघून मागच्याला लागेल. याच कारणाने, फुलणारी गोळी असली तरी जनावराच्या मागे दुसरं उभं असेल तर चाप ओढायचा नाही.

झुडपातून जड गोळी सरळ जाते असं कोणी सांगेल. जात नाही. करंगळीएवढ्या फांदीने कोणतीही गोळी वळते. मोकळी फट मिळेपर्यंत थांबावं लागतं.

तीन पेट्या एकाच जातीच्या आणि शक्यतो एकाच लॉट नंबरच्या घे, साठ काडतुसं होतात. दोन जाती मिसळल्यास तर त्याच रायफलमधून शंभर मीटरवर छेद चार बोटं इकडे-तिकडे जाऊ शकतात. पहिली पेटी शेतावर पोचल्याबरोबर रायफल लावण्यात घालव. तिला तुझी गोळी मानवते का बघ. शंभर मीटरवर तीन गोळ्या दोन इंचांत पडल्या तरी या कामाला पुरे, त्याहून बारीक समूहासाठी गोळीची जात बदलू नकोस. दुसरी पेटी तिकाटण्यावरून, उभ्याने, सरावासाठी. तिथे शिकार तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवूनच होते आणि टेबलावर बसून मिळवलेला नेम तिथे कामी येत नाही. मुंबईत आहेस तोवर वरळीच्या रेंजवर ओळख काढून एअर रायफलने उभ्याने सराव करता आला तर कर. चाप हळू दाबायची सवय तिथेही लागते. तिसरी पेटी शिकारीची. ती गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नकोस, तापलेल्या काडतुसात दाब वाढतो.

मांसाचं सांगायला हवं, कारण तू ते शेतावरच्या कुटुंबांबरोबर खाणार आहेस. शिशाची गोळी फुलताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेच्या आजूबाजूला बरेच लांब उडतात. जखमेभोवतीचं मांस वीतभर तरी कापून टाकायला सांग आणि ते गिधाडांसाठीही उघड्यावर टाकू देऊ नकोस, पुरायला सांग. लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर मी तांब्याचीच गोळी घेईन, किंमत बघणार नाही. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, त्यात तिथल्या काँडोर गिधाडांचं मरण हे मोठं कारण होतं.

राहिली किंमत. महाग पेटीतला फरक साठ काडतुसांवर मोजलास तर तुझ्या विंडहूकच्या एका भाड्याच्या छोट्या हिश्श्याएवढा असेल. ती महाग गोळी एका वाईट कोनाला, एका अनपेक्षित जवळच्या बाराला गरजेची पडते. रोज लागत नाही. माझ्या त्या गेम्सबॉकच्या वेळी ती हवी होती.

बार झाल्यावर लगेच धावू नकोस. दुसरं काडतूस भर, जनावर जिथे उभं होतं ती जागा डोळ्यांनी धरून ठेव, आणि ते दिसत असेपर्यंत, उभं असेपर्यंत पुन्हा मार. मार्गदर्शक म्हणेल तेव्हाच पुढे जा. मग सोलताना दूर उभा राहू नकोस. बाही वर करून पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली बोटं फिरव, गोळी आरपार गेली नसेल तर बहुतेक तिथेच, गोट्यासारखी हाताला लागते. धुऊन काट्यावर ठेव. गोळी इकडे आणू नकोस, विमानतळावर नसता त्रास होईल. फोटो काढ, आणि मला लिहून पाठव: कोणतं जनावर, किती मीटर, कोणत्या कोनात, किती पळालं, किती ग्रॅम उरले. माझ्या शेवटच्या वहीत अजून बारा पानं कोरी आहेत.